विश्लेषण : ‘फॉरेस्ट’ म्हणजे जंगल नव्हे? एका इंग्रजी शब्दावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीचे भवितव्य कसे ठरते?

धानोरा, कुरखेडा किंवा सिंदेवाहीच्या बाजारात कोणी ‘फॉरेस्ट आली’ म्हटले, तर झाडे चालत आली असे कोणाला वाटत नाही. खात्याची गाडी आली, एवढाच त्याचा अर्थ. मोहफूल वेचायला माणूस जातो तो जंगलात. त्याच जागी झोपडी बांधली की ती ‘फॉरेस्टची जमीन’ होते, बैलबंडीत लाकूड सापडले की ‘फॉरेस्टची केस’ लागते आणि रस्त्यावर बांबू अडतो तो ‘फॉरेस्टच्या नाक्या’वर. इंग्रजीच्या पुस्तकात फॉरेस्ट म्हणजे जंगल असे शिकवले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बोलण्यात मात्र हे दोन शब्द वेगळे आहेत. जंगल झाडांचे असते, फॉरेस्ट सरकारचे.

गंमत अशी की या शब्दाचा इतिहास पाहिला, तर पुस्तकापेक्षा बाजारातला अर्थच मुळाला अधिक जवळचा निघतो. आणि हा केवळ भाषेच्या अभ्यासकांचा विषय नाही. ‘फॉरेस्ट’ कशाला म्हणायचे, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये निकाल दिला. दुसऱ्या निकालाचा थेट संबंध पूर्व विदर्भातील हजारो घरे, शेते, शाळा आणि स्मशानभूमींच्या जमिनीशी आहे.

‘फॉरेस्ट’ हा शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘फोरिस’ म्हणजे बाहेर, दाराबाहेर. त्यावरून ‘फोरेस्टिस सिल्वा’ असा शब्दप्रयोग झाला. त्यातील ‘सिल्वा’ म्हणजे झाडी, आणि ‘फोरेस्टिस’ हे तिचे विशेषण : बाहेरची, सर्वसामान्यांच्या वापराबाहेर ठेवलेली. युरोपातील फ्रँक राजांच्या दस्तऐवजांत हा शब्द सुमारे तेराशे वर्षांपूर्वीपासून दिसतो, तो राजाने स्वतःच्या शिकारीसाठी राखलेल्या रानासाठी. पुढे ‘सिल्वा’ गळून पडला. झाडी सांगणारा शब्द गेला आणि मनाई सांगणारा शब्द उरला. काही अभ्यासक त्याचे मूळ ‘फोरम’ म्हणजे न्यायसभेत शोधतात. राजाच्या न्यायाखालची जमीन ती फॉरेस्ट, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही व्युत्पत्तींत झाडाचा पत्ता नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परका, परदेशी या अर्थाचा इंग्रजी ‘फॉरेन’ हादेखील याच ‘बाहेर’च्या कुळातला मानला जातो.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि हा शब्द फ्रेंचमार्गे तेथे पोहोचला. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास देशाच्या दक्षिणेला ‘न्यू फॉरेस्ट’ वसवले, असे म्हणतात. वसवले म्हणजे झाडे लावली नाहीत. एक हद्द ठरवली आणि तिच्या आत वेगळा कायदा लागू केला. त्या हद्दीत माळरान होते, दलदल होती, शेते होती, गावेही होती. त्या काळच्या इंग्रजीत एखादा भाग ‘अफॉरेस्ट’ करणे म्हणजे तो फॉरेस्टच्या कायद्याखाली आणणे. आज याच शब्दाचा भाऊबंद ‘अफॉरेस्टेशन’ आपण वनीकरण म्हणून खड्डे खोदून रोपे लावण्यासाठी वापरतो. बाराव्या शतकात एकही रोप न लावता अर्धा जिल्हा ‘अफॉरेस्ट’ करता येत होता.

याचे अवशेष आजही दिसतात. इंग्लंडमधील डार्टमूरच्या उघड्या माळाला जुन्या नोंदींत ‘फॉरेस्ट’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या डोंगरांना ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात आणि त्यांतील अनेकांवर मैलोगणती झाड नसते. आपल्याकडचा ‘रेंजर’ही तिथलाच : राजाच्या राखीव रानावर फिरून पहारा ठेवणारा अधिकारी.

त्या ‘फॉरेस्ट’मध्ये राहणाऱ्या गावकऱ्यांचे काय होत असे?

हरीण मारले तर जबर शिक्षा, हिरवे झाड तोडले तर दंड, परवानगीवाचून नवे शेत काढले तर त्याचाही दंड. राजे बदलत गेले तशी फॉरेस्टची हद्द वाढत गेली, कारण दंड हे खजिन्याचे उत्पन्न होते. १२१५ च्या सुप्रसिद्ध ‘मॅग्ना कार्टा’त याविरुद्ध काही कलमे आली. ती पुरली नाहीत म्हणून ६ नोव्हेंबर १२१७ रोजी स्वतंत्र सनद काढावी लागली. तिचे नाव ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’. चुकीने फॉरेस्टमध्ये घेतलेल्या जमिनी सोडाव्यात, हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाऊ नये, आणि तेथील मोकळ्या माणसांना आपली जनावरे, डुकरे रानात चारता यावीत, असे तीत होते. जळणाचे, घरदुरुस्तीचे लाकूड घेण्याची जुनी वहिवाटही याच परंपरेतून टिकली.

‘मॅग्ना कार्टा’ जगभर पाठ्यपुस्तकांत गेला, ही दुसरी सनद विसरली गेली. ती कायद्याच्या पुस्तकात मात्र १९७१ पर्यंत जिवंत होती, म्हणजे साडेसातशे वर्षे. गडचिरोलीतील एखाद्या ग्रामसभेच्या सामूहिक दाव्याची फाईल आणि ही सनद शेजारी ठेवली, तर मागण्यांची यादी ओळखीची वाटेल : चराई, जळतन, घरासाठी लाकूडफाटा, रानमेवा. याच वहिवाटीला आपल्याकडे पूर्व विदर्भात आणि मध्य प्रदेशात ‘निस्तार’ म्हणतात.

हा शब्द चांद्यात कसा पोहोचला?

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा त्यांच्या हाती आला. १८६४ मध्ये देशात वन विभाग स्थापन झाला. १८६५ मध्ये पहिला वन कायदा, १८७८ मध्ये दुसरा आणि अधिक कडक, आणि १९२७ मध्ये आजही लागू असलेला भारतीय वन अधिनियम आला. रेल्वेला स्लीपर हवे होते, जहाजांना आणि इमारतींना साग हवा होता. आलापल्ली-अहेरीकडचा साग तर तेव्हापासून नावाजलेला.

१९२७ च्या कायद्यात ‘झाड’, ‘इमारती लाकूड’, ‘वनोपज’, अगदी ‘गुरे’ या शब्दाचीही व्याख्या आहे. व्याख्या नाही ती ‘फॉरेस्ट’ची. सरकारी मालकीची कोणतीही वनजमीन ‘किंवा पडीक जमीन’ राखीव वन म्हणून घोषित करता येते, असे कलम ३ सांगते. म्हणजे येथेही झाडे असलीच पाहिजेत असे नाही. हद्द आखली आणि अधिसूचना निघाली की ते फॉरेस्ट. विल्यम राजाची पद्धत आठशे वर्षांनी वैनगंगेच्या काठी आली, ती शब्दासकट.

सोबत आलेले बाकीचे शब्द आता मराठीच झाले आहेत. वनपरिक्षेत्र म्हणण्यापेक्षा ‘रेंज’, त्याखाली ‘राउंड’, त्याखाली ‘बीट’. वाहतुकीचा परवाना म्हणजे ‘टीपी’. तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा म्हणजे ‘कूप’. हा कूप विहिरीचा नव्हे. तोडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो बनला आणि इंग्रजी वनखात्यामार्फत थेट गावातल्या मजुरापर्यंत गेला. ‘यंदा कूप कुठे निघाला?’ असे विचारणाऱ्याला आपण फ्रेंच बोलतोय याची कल्पनाही नसते. शहराचे नाव चांद्याचे चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण वनखात्याचा एक विभाग अजून ‘मध्य चांदा’ याच नावाने चालतो.

मग ‘जंगल’ हा शब्द तरी झाडांचा आहे का?

येथेही एक गाठ आहे. संस्कृतातील ‘जांगल’ म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. कोरडा, उघडा, विरळ झुडपांचा प्रदेश म्हणजे जांगल. आयुर्वेदात ‘जांगल’ आणि ‘आनूप’ अशी देशाची विभागणी आहे. आनूप म्हणजे पाणथळ, दमट, दाट झाडीचा. जांगल म्हणजे त्याच्या उलट, कमी पाण्याचा, काटेरी झुडपांचा, हरणांचा. पुढे लोकभाषांत ‘जंगल’ म्हणजे न कसलेली कोणतीही जमीन, आणि मग झाडीने भरलेली जमीन असा अर्थ सरकत गेला. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि इंग्रजीत तो पार ओल्या, वेलींनी गच्च भरलेल्या रानाचा वाचक झाला. अर्थ जवळजवळ उलटा झाला.

रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’ने १८९४ मध्ये तो घरोघरी पोहोचवला. त्यातील मोगलीचे रान सिवनीच्या डोंगरांतले आहे आणि त्यात वाहणारी नदी आपली वैनगंगा आहे. हीच नदी पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते.

‘अरण्य’ शब्दाची कथा आणखी मजेची. तो ‘अरण’ या वैदिक शब्दापासून आला असे मानतात. अरण म्हणजे दूरचा, परका. म्हणजे लॅटिन बोलणाऱ्याने जे ‘बाहेरचे’ म्हटले, तेच संस्कृत बोलणाऱ्यानेही ‘परके’ म्हटले. दोघेही गावात उभे राहून रानाकडे पाहत होते. ‘अरण्य’चेच पुढे मराठीत ‘रान’ झाले आणि मराठी शेतकऱ्याने त्याचे परकेपण काढून टाकले. पश्चिम महाराष्ट्रात ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतावर गेला आहे.

आतून पाहणाऱ्यांचा शब्द हवा असेल तर तो याच भागात आहे : झाडी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा स्वतःला ‘झाडीपट्टी’ म्हणवतो, येथली बोली ‘झाडीबोली’ आणि वडसा-देसाईगंजच्या आधाराने हिवाळाभर चालणारी नाटके ‘झाडीपट्टी रंगभूमी’ची. या नावात ना राजा आहे, ना मनाई, ना परकेपण. असा शब्द कायद्याला मिळाला असता तर, असे वाटून जाते.

‘झुडपी जंगल’ ही काय भानगड आहे?

जांगलचा जुना अर्थ लावला तर ‘झुडपी जंगल’ हेच खरे जंगल. पण हा शब्द आयुर्वेदातून आलेला नाही, तो तलाठ्याच्या दप्तरातून आला आहे.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात मालगुजारी होती. गावाची शेती सोडून उरलेली झुडपांची, खडकाळ, चराईची जमीन मालगुजाराच्या ताब्यात असे आणि गावकरी तेथे गुरे चारत, काटक्या आणत. माजी मालगुजारी तलावांमुळे हा शब्द पूर्व विदर्भात अजून रोजच्या वापरात आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि या जमिनी शासनाकडे आल्या. महसूल खात्याने निस्तार पत्रकांत त्यांची वर्गवारी केली. हिंदीतून ‘छोटे झाड का जंगल’, ‘बडे झाड का जंगल’ अशा नोंदी मध्य प्रदेशात अजून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, तोही या दप्तरांसह. मराठीत ती नोंद ‘झुडपी जंगल’ झाली.

कारकुनाने ‘झुडपी गायरान’ किंवा ‘झुडपी पडीत’ लिहिले असते, तर पुढचे बरेचसे महाभारत टळले असते. त्याने ‘जंगल’ लिहिले. बोलीभाषेत ते चुकीचेही नव्हते. पण मराठी ‘जंगल’ इंग्रजी कागदावर गेले की त्याचे ‘फॉरेस्ट’ होते, आणि फॉरेस्ट झाले की त्यामागे कायदा येतो.

मधल्या काळात या जमिनींवर शासनानेच घरकुले दिली, शाळा आणि दवाखाने बांधले, सरकारी कार्यालये उभारली, रस्ते काढले, भूमिहीनांना पट्टे दिले. गावांची स्मशानभूमीही अनेक ठिकाणी तिथेच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून वादात सापडलेली अशी जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिक्शनरी का उघडली?

१९८० च्या वन (संवर्धन) कायद्याने २५ ऑक्टोबर १९८० पासून असा नियम केला की केंद्राच्या मंजुरीवाचून वनजमीन दुसऱ्या कामासाठी देता येणार नाही. या कायद्यातही ‘फॉरेस्ट’ची व्याख्या नव्हती. त्यामुळे अधिसूचित राखीव जंगलालाच तो लागू आहे, असा सोयीचा अर्थ अनेक राज्यांनी काढला. उरलेल्या झाडीवर कुऱ्हाड चालत राहिली.

निलगिरीतील गुडलूरच्या जंगलतोडीवरून टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी १९९५ मध्ये याचिका केली. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की ‘फॉरेस्ट’ हा शब्द त्याच्या डिक्शनरीतील अर्थाने घ्यावा. शिवाय सरकारी नोंदीत जी जमीन ‘फॉरेस्ट’ म्हणून दाखल आहे, ती कोणाच्याही मालकीची असो, तीही वनजमीनच. देशभरातील बेसुमार तोडीला या आदेशाने लगाम बसला, यात शंका नाही. खासगी जंगले, अधिसूचनेअभावी लटकलेली जंगले त्यामुळे वाचली.

पण आदेशाचे दोन भाग नीट पाहिले पाहिजेत. पहिल्या भागातील अर्थ झाडांचा आहे : डिक्शनरी म्हणते मोठ्या क्षेत्रावरची दाट झाडी. दुसऱ्या भागातील अर्थ नोंदीचा आहे : कागदावर फॉरेस्ट असेल तर फॉरेस्ट, मग जागेवर झाड असो वा नसो. इंग्रजी डिक्शनरीत आजही हे दोन्ही अर्थ सापडतात. एक झाडीचा, आणि दुसरा ‘ऐतिहासिक’ अशी खूण करून दिलेला, राजाच्या विशेष कायद्याखालील हद्दीचा. झुडपी जंगल पहिल्या अर्थाने बहुतांशी फॉरेस्ट नव्हते. दुसऱ्या अर्थाने झाले.

मे २०२५ च्या निकालात काय ठरले?

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने या प्रश्नावर निकाल दिला. ‘झुडपी’ हा मराठी शब्द असून त्याचा अर्थ झुडपे असा आहे, हेही त्या निकालात नोंदवावे लागले. मूळचे अमरावतीचे असलेल्या सरन्यायाधीशांना तो कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तरी इंग्रजी निकालात लिहिणे भाग होते.

न्यायालयाने झुडपी जंगल १९९६ च्या आदेशानुसार वनजमीनच मानले. मात्र प्रत्यक्ष परिस्थिती पाहून वाटही काढली. सक्षम अधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पर्यंत ज्या जमिनी वाटप केल्या, पण ज्यांची नोंद बदलली नाही, त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा. त्यासाठी भरपाई म्हणून अन्यत्र झाडे लावण्याची किंवा वनमूल्याची रक्कम भरण्याची अट नाही. त्या तारखेनंतरच्या वाटपांसाठी नियम कडक आहे : वाटप का केले, कोणत्या अधिकाऱ्याने केले, हे सांगावे लागेल आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्यावरच केंद्र विचार करील. जे तुकडे वाटप झालेले नाहीत, तीन हेक्टरपेक्षा लहान आहेत आणि कोणत्याही वनक्षेत्राला लागून नाहीत, ते संरक्षित वन म्हणून घोषित करायचे. अन्य प्रकल्पांत गेलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झुडपी जमीन दाखवण्याची पळवाटही जवळपास बंद केली. त्यासाठी वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र लागेल.

थोडक्यात, १९९० मध्ये सरकारी पट्ट्यावर बांधलेले घर आणि १९९८ मध्ये तसाच पट्टा घेऊन शेजारी बांधलेले घर, यांची वाट वेगळी झाली. दोघांच्याही अंगणात वनस्पती म्हणावी अशी तुळसच असेल. दुसऱ्या घरवाल्याचा दोष एवढाच की दिल्लीत डिक्शनरी उघडली गेल्यावर त्याला पट्टा मिळाला.

उपग्रहाला जंगल दिसते ते कोणते?

ही तिसरीच व्याख्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर काही वर्षांनी वनस्थिती अहवाल काढते. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के आहे, ती ‘वनाच्छादन’. मालकी कोणाची, वापर कशासाठी, हे पाहिले जात नाही. त्यामुळे आमराई किंवा नारळाची बाग वनाच्छादनात मोजली जाऊ शकते. उलट १० टक्क्यांपेक्षा कमी छत्र असलेली जागा ‘खुरटे’ क्षेत्र म्हणून बाजूला काढली जाते. झुडपी जंगलाचा बराच भाग असा : न्यायालयाच्या लेखी वन, उपग्रहाच्या लेखी नाही. गडचिरोलीचा ७५ टक्क्यांहून अधिक भूभाग जंगल असे आपण सतत वाचतो. तो आकडा कागदावरच्या हद्दीचा की आकाशातून दिसणाऱ्या छत्राचा, हे बातमीत सहसा सांगितलेले नसते. दोन्ही आकडे एकच नाहीत.

बांबू झाड की गवत? मेंढा-लेखाने काय बदलले?

व्याख्येची लढाई गावाने जिंकल्याचे उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळात येतो. १९२७ च्या वन कायद्यात मात्र ‘झाड’ या शब्दात बांबूचा समावेश होता. झाड म्हटले की ते इमारती लाकडासारखे, आणि मग त्यावर हक्क खात्याचा. गावकऱ्याने टोपली-सूप विणायला काठी आणली तरी गुन्हा, आणि जिल्ह्याचा बांबू दशकानुदशके कागद कारखान्याकडे जात होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने शब्द बदलले. त्याने ‘वनजमीन’ची व्याख्या केली ती सर्वांत रुंद : राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, मानीव, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, सगळी. आणि ‘गौण वनोपज’ या यादीत तेंदूपाने, मध, लाख यांच्यासोबत बांबू स्पष्ट लिहिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही ज्याची घोषणा, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशातील अगदी सुरुवातीच्या दाव्यांपैकी हा एक.

तरीही बांबू विकता येईना. हक्क गावाचा, पण वाहतुकीचा परवाना खात्याचा. बांबू तोडावा आणि तो नाक्यावर अडावा, असा पेच. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपज मानावा असे राज्यांना कळवले आणि पुढच्या महिन्यात, २७ एप्रिल २०११ रोजी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. गावाचे नेते देवाजी तोफा यांनी ते स्वीकारले. ‘फॉरेस्ट’च्या इतिहासात राजाची वही गावाकडे गेल्याचे प्रसंग फार नाहीत. १९२७ च्या कायद्यातील ‘झाड’ या शब्दातून बांबू वगळला गेला तो त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने, २०१७ च्या अखेरीच्या वटहुकमाने.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूचा व्यवसाय केला आणि तेंदूपाने तोडणे स्वतःहून थांबवले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. हातात येणारा पैसा सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही खात्याच्या मनाईहुकमाविना झाला. ‘मनाई नसेल तर लोक जंगल संपवतील’ हा आठशे वर्षांचा जुना समज पाचगावच्या हिशेबात बसत नाही. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. सगळीकडे चित्र पाचगावसारखे नाही. ठेकेदारावर अवलंबून असलेल्या ग्रामसभाही आहेत.

आता कायद्यात ‘फॉरेस्ट’चा अर्थ काय?

२०२३ मध्ये संसदेने १९८० च्या कायद्यात दुरुस्ती केली. कायद्याचे नावही बदलून ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे झाले. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती अधिसूचित वनांपुरती आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी नोंदीत वन असलेल्या जमिनींपुरती आणली. म्हणजे डिक्शनरी मिटली, नोंदवही उरली. याला आव्हान दिले गेले आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने राज्यांना १९९६ चाच अर्थ पाळायला सांगितले.

झुडपी जमिनीवर राहणाऱ्यांनी कोणते कागद पाहावेत?

सर्वांत आधी सातबारा आणि गावाचे निस्तार पत्रक. जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ आहे का, ते तेथे कळेल. त्यानंतर वाटपाचा आदेश : कोणत्या अधिकाऱ्याने दिला आणि तारीख १२ डिसेंबर १९९६ च्या आधीची की नंतरची. घरकुल यादी, जुनी कर पावती हे वास्तव्य दाखवतात, पण निकालाने विचारलेला कागद वाटपाचा आहे. वाटपाशिवायच्या वापराबाबत, विशेषतः व्यापारी वापराबाबत, निकालाची भूमिका कठोर आहे.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची. जमीन वनजमीन ठरली, तर त्या कायद्याची ‘सर्व प्रकारची वनजमीन’ ही व्याख्या तिला लागू करण्याचा दावा मांडता येतो. त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि आदिवासी नसलेल्या कुटुंबांना तेथील तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य. ढिवर, कुणबी, दलित अशा अनेक कुटुंबांचे दावे याच ७५ वर्षांवर अडतात. चराई आणि जळतनाचा सामूहिक दावा मात्र ग्रामसभा करू शकते, आणि त्यासाठी जुन्या निस्तार पत्रकाइतका पक्का पुरावा दुसरा नाही. त्याची प्रमाणित प्रत तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून घेता येते.